'ब्लू एंजल'मधले पाच जण, आणि 'नटाने राजकारणात पडू नये' हे पालुपद

रंगपटातला (धागाकर्ता)

दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की 1933 नंतर, म्हणजे हिटलर सत्तेवर आल्यावर, जर्मनीत राहिलेल्या नटनट्यांना आज घरबसल्या दोष देणं सोपं आहे, नट शेवटी नट, सरकार कुणाचंय याच्याशी त्याला काय करायचंय. तिथे उत्तर द्यायला गेलो तर लांबत गेलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

1930 चा 'द ब्लू एंजल' घ्या. शिस्तीचा करडा मास्तर कॅबरेतल्या गाणारणीच्या नादी लागतो, नोकरी घालवतो आणि शेवटी तिच्याच कंपनीत विदूषक होऊन उभा राहतो अशी गोष्ट. मास्तर म्हणजे एमिल यानिंग्स, बेस्ट ॲक्टरचं पहिलंवहिलं ऑस्कर मिळालेला माणूस. गाणारीण लोला म्हणजे मार्लेन डीट्रिश. कंपनीचा मालक आणि जादूगार कुर्ट गेरॉन, हे भलंमोठं पोट. त्याची बायको झालीये रोझा व्हालेटी, ही बाई खऱ्या आयुष्यातही बर्लिनच्या कॅबरेत मुरलेली, स्वतः कॅबरे चालवलेली. आणि शेवटी येऊन लोलाला पटवणारा तो पैलवान, हान्स आल्बर्स. शेवटाकडे गेरॉन यानिंग्सच्या डोक्यावर अंडं फोडतो आणि त्याला कोंबड्यासारखं आरवायला लावतो तो सीन ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, बघताना आपल्यालाच मान खाली घालावीशी वाटते.

आता याच पाच जणांचं पुढे काय झालं बघा. डीट्रिश प्रीमियरच्याच रात्री अमेरिकेला निघाली, नंतर हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सने बोलावलं तरी परत गेली नाही, 1939 मध्ये अमेरिकन नागरिक झाली आणि युद्धात आघाडीवर जाऊन सैनिकांसाठी गायली. व्हालेटी ज्यू, देश सोडावा लागला, 1937 मध्ये व्हिएन्नात वारली. गेरॉनही ज्यू, पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढून जबर जखमी झालेला, त्याला 1933 च्या एप्रिलमध्ये चालू शूटिंगमधून हाकललं. पॅरिस, मग हॉलंड, मग छावणी, आणि ऑक्टोबर 1944 मध्ये ऑशविट्झ. आल्बर्स राहिला. यानिंग्सही राहिला, आणि नुसता राहिला नाही तर 1941 मध्ये 'ओम क्रूगर' हा नाझी प्रचारपट केला. त्यात इंग्रजांनी दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर बायकापोरांना छावण्यांत कसं उपाशी मारलं ते दाखवलंय, तेही कधी, तर स्वतःच्या देशात डाखाउची छावणी सुरू होऊन आठ वर्षं झालेली असताना. ज्याने आपल्या डोक्यावर अंडं फोडलं तो त्या वेळी हॉलंडमध्ये अडकून पडलाय हे यानिंग्सला माहीत असो नसो, आपण कोणत्या सरकारसाठी कोणता सिनेमा करतोय हे पक्कं माहीत होतं.

माझं म्हणणं एवढंच की राहणं हा गुन्हा नाही. पण राहून जे केलं त्याचा हिशोब 'कलाकार बिचारा' म्हणून माफ करता येत नाही.

चौथी घंटा

धागा चांगलाय पण डीट्रिशचं उदाहरण इथे चालत नाही हो. ती 1930 ला गेली ती हिटलरमुळे नाही, पॅरामाउंटचं काँट्रॅक्ट होतं म्हणून. तेव्हा नाझी सत्तेत यायला तीन वर्षं होती. हातात हॉलिवुड असताना तत्त्व पाळायला फार काही लागत नाही. नटाचं पोट भाषेवर असतं, वादक कुठेही जाऊन वाजवेल, कॅमेरामनला कुठेही काम मिळेल, पण चाळिशी उलटलेला जर्मन नट पॅरिसमध्ये काय करणार? यानिंग्स बोलपट आल्यावर हॉलिवुडमधून परत आला तो का, तर इंग्रजी उच्चार जमेनात म्हणून. एकदा परत आल्यावर त्याला जायला जागा तरी होती का?

रंगपटातला

गेली कशाला हा प्रश्नच नाही, परत आली नाही हा आहे. मागेल ते मिळालं असतं तिला. आणि भाषेचं म्हणाल तर पीटर लॉरे घ्या, इंग्रजी धड येत नव्हतं, हिचकॉकबरोबरच्या पहिल्या सिनेमाला बरेचसे संवाद नुसते पाठ करून म्हटले. कॉनराड फाइट घ्या. 'कॅलिगरी' या मूकपटातला झोपेत चालणारा झेझारे, युफा या जर्मन फिल्म कंपनीचा केवढा मोठा स्टार, ज्यू नव्हता, राहिला असता तर गादीवर बसवला असता. बायको ज्यू होती. 1933 मध्ये इंग्लंडला गेला. आणि पुढे हॉलिवुडमध्ये रोल मिळाले कसले, तर नाझी ऑफिसरचे! 'कॅसाब्लांका'तला मेजर स्ट्रासर तोच.

बर्लिनकर

इथे राहून बरीच वर्षं झाली म्हणून लिहितो. तुम्ही लोक यानिंग्सवर घसरताय पण खरा गुंता ग्र्युंडगेन्सचा आहे. गुस्ताफ ग्र्युंडगेन्स म्हणजे फ्रिट्झ लांगच्या 'एम'मध्ये काळा लेदरचा कोट घातलेला तो गुंडांचा म्होरक्या. हा माणूस 1934 पासून हिटलरचा मंत्री गोरिंग याच्या मर्जीने बर्लिनच्या सरकारी थिएटरचा प्रमुख होता, 'फाउस्ट' नाटकातला सैतान मेफिस्टो करायचा तर लोक वेडे व्हायचे. पूर्वीचा मेहुणा क्लाउस मान याने देशाबाहेर बसून त्याच्यावर 'मेफिस्टो' कादंबरी लिहिली, करिअरसाठी सैतानाला विकला गेलेला नट अशी. आता दुसरी बाजू ऐका. एर्न्स्ट बुश नावाचा कट्टर कम्युनिस्ट गायक-नट, कॅबरेत कामगारांची गाणी म्हणायचा, स्पेनच्या लढाईत जाऊन गायला, तो पकडला गेला. देशद्रोहाचा खटला, म्हणजे फाशीच. ग्र्युंडगेन्सने आपलं वजन खर्च करून आणि वकील देऊन त्याचा जीव वाचवला. युद्धानंतर ग्र्युंडगेन्सला रशियनांनी कोंडला तेव्हा त्याच्या बाजूने बोलायला कोण उभं राहिलं, तर हाच बुश.

आणि तो समलिंगी होता हेही विसरू नका, कधीही आत टाकता आला असता. आत राहून चार माणसं वाचवणारा वाईट की कॅलिफोर्नियात बसून कादंबरी लिहिणारा चांगला, मला तरी एवढं सरळ सांगता येत नाही.

झणझणीत

क्लाउस मान कॅलिफोर्नियात बसून लिहीत नव्हता, 'मेफिस्टो' 1936 ला ॲमस्टरडॅममधून आली. आणि नंतर तो अमेरिकन सैन्यात भरती होऊन युद्धावर गेला. एवढं तरी नीट लिहा बर्लिनकर.

बाकी 'चार माणसं वाचवली' हा बचाव मला कधीच पटलेला नाही. युद्ध संपल्यावर असा एक मोठा साहेब सापडला नाही ज्याने एखादा ओळखीचा ज्यू वाचवला नव्हता. वाचवता आला म्हणजे तेवढी सत्ता हातात होती ना? ती कुठून आली? 'ओम क्रूगर'मध्ये इंग्रज मंत्री चेंबरलेन कोणी केलाय बघा. ग्र्युंडगेन्सनेच.

पेठेतला पाहुणा

मला वाटतं तुम्ही सगळे मोठ्या लोकांबद्दलच बोलताय. मधल्या फळीतल्यांचं बघा. हाइन्झ र्‍यूमान, विनोदी नट, आजही जर्मनीत आजी-आजोबांचा लाडका. बायको ज्यू, 1938 मध्ये घटस्फोट घेतला, करिअर चालू. त्याच्या बाजूचे म्हणतात की लग्न आधीच मोडलेलं होतं आणि तिला पुढेही पैसे पाठवत होता. आल्बर्सचंही तसंच, त्याची हान्सी बुर्ग ज्यू होती, कागदोपत्री वेगळे झाले, ती शेवटी इंग्लंडला गेली आणि युद्धानंतर परत येऊन त्याच्याबरोबर राहिली. म्हणजे त्यातल्या त्यात गोड शेवट.

आणि योआखिम गॉटशाल्क. देखणा रोमँटिक हिरो, बायको मेटा ज्यू, एक लहान मुलगा. गोबेल्सने सांगितलं सोड तिला, हा नाही म्हणाला. काम बंद. मग बायको आणि मुलाला छावणीत पाठवायचं ठरलं तेव्हा नोव्हेंबर 1941 मध्ये तिघांनी घरात गॅस सोडून जीव दिला. अंत्ययात्रेला कुणी जायचं नाही अशी ताकीद होती, तरी काही सहकलाकार गेले. आता या माणसाच्या शेजारी र्‍यूमानला उभं करा आणि सांगा दोष द्यायचा की नाही. मला नाही सांगता येत. र्‍यूमानने गॉटशाल्कसारखं करायला हवं होतं असं म्हणणारा माणूस मला जास्त भीतीदायक वाटतो.

रंगपटातला

तसं कुणीच म्हणत नाहीये. जीव द्या असं कोण कुणाला सांगणार. पण गॉटशाल्क होऊन गेला म्हणून 'कुणालाच नाही म्हणता येत नव्हतं' हे वाक्य तरी बंद करायला हरकत नाही.

खडूस काका

या सगळ्यात कॅबरेवाल्यांना उगाच हुतात्मे करू नका एवढीच विनंती. (आणि नवीन मुलांसाठी, कॅबरे म्हणजे आपल्या सिनेमात हेलन नाचायची ते नव्हे. छोटं स्टेज, दोन-चार गाणी, नकला, राजकारण्यांची टिंगल, आणि एक निवेदक जो प्रेक्षकांशी वाद घालतो.) लोकांना वाटतं बर्लिनचे कॅबरे म्हणजे हिटलरविरुद्धचा किल्ला. कसला किल्ला! 1901 मध्ये सुरू झालं तेव्हा कैसरचे, म्हणजे जर्मन बादशहाचे, सेन्सॉर डोक्यावर, 1918 नंतर सेन्सॉर गेला आणि मोकळं रान मिळालं, तर निम्म्या ठिकाणी कमी कपड्यांचे नाच आणि शॅम्पेन. 'काबारेट देर कोमिकर' हे सगळ्यात मोठं, तिथेही भर मुख्यतः करमणुकीवर. जे टिंगल करत होते ते सगळ्याच पक्षांची करत होते, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटायचं सगळे सारखेच चोर. हिटलर हसून गेला नाही.

चौथी घंटा

काका, वेर्नर फिंकला विसरलात. 'काटाकोंबं' नावाचं छोटं कॅबरे, 1933 नंतरही चालू होतं. समोर गेस्टापोचे, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचे, लोक वही घेऊन बसायचे आणि हा स्टेजवरून त्यांना विचारायचा की माझ्या बोलण्याबरोबर येताय ना, की मीच येऊ तुमच्याबरोबर? मे 1935 मध्ये गोबेल्सने बंद पाडलं आणि फिंकला एस्टरवेगनच्या छावणीत टाकलं.

खडूस काका

विसरलो नाही. आणि पुढे तो सैन्यात भरती झाला, कारण गेस्टापोपासून लपायला गणवेशापेक्षा चांगली जागा नाही. शहाणा माणूस. पण दोन वर्षं ते चालू दिलं होतं ना? लोक गुपचूप हसून घरी जातात, सकाळी मुकाट्याने ऑफिसला. सरकारला त्याचा काही त्रास नव्हता. त्रास झाला त्या दिवशी एका सहीत बंद.

सांजवेळ

मग गेरॉनचं काय ते पण बोला कोणीतरी. धाग्यात त्याला एका ओळीत निपटवलंय आणि मला सगळ्यात अवघड तोच वाटतो. 1928 मध्ये ब्रेख्तचं 'थ्रीपेनी ऑपेरा' पहिल्यांदा झालं तेव्हा त्यातल्या मॅकी मेसर या गुंडाचं ते गाणं सगळ्यात आधी गेरॉनने म्हटलं. आपल्याकडे पुलंनी त्याच नाटकाचं 'तीन पैशाचा तमाशा' केलं. तर हा माणूस 1944 मध्ये टेरेझिनश्टाटच्या छावणीत आला, तिथे त्याला 'कारुसेल' नावाचं कॅबरे उभं करायला लावलं आणि तेच मॅकीचं गाणं तो तिथल्या कैद्यांसमोर परत म्हणायचा. मग नाझींनी त्याला छावणीवर प्रचारपट दिग्दर्शित करायला लावला. बागेला पाणी घालणारे ज्यू, फुटबॉलची मॅच, हसणारी मुलं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शूटिंग झालं आणि 28 ऑक्टोबरच्या गाडीने त्याला आणि त्याच्या बायकोला ऑशविट्झला पाठवलं. सिनेमात दिसणारे बहुतेक लोकही तिकडेच गेले.

त्यानेही नाझींसाठी सिनेमा केला आणि यानिंग्सनेही केला. धागाकर्त्याची मोजपट्टी इथे कशी लावायची?

झणझणीत

बंदूक डोक्याला लावून करून घेतलेलं आणि बंगल्यात बसून केलेलं यात फरक कळत नसेल तर चर्चा कशाला.

सांजवेळ

फरक कळतो हो मला. पण छावणीतल्याच काही लोकांना तो त्या वेळी आवडला नव्हता, शूटिंगमध्ये तो मन लावून काम करत होता म्हणून. मला त्याचं ते मन लावणंच समजून घ्यायचंय. हॉलंडमधल्या वेस्टरबोर्क छावणीत माक्स एर्लिश आणि विली रोझेन या कॅबरेवाल्यांनीही हेच केलं, छावणीच्या कमांडंटसमोर रिव्ह्यू शो, उत्तम कपडे, उत्तम ऑर्केस्ट्रा, आणि ठराविक दिवशी सकाळी कैद्यांची गाडी पूर्वेकडे, मृत्युछावण्यांकडे जायची. जोपर्यंत शो चालू तोपर्यंत आपलं नाव यादीत नाही. शेवटी दोघंही ऑशविट्झला गेले.

रंगपटातला

माझी मोजपट्टी हीच आहे की नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं. यानिंग्सने 'ओम क्रूगर' नाकारला असता तर पुढचा रोल गेला असता, फार तर बंगल्यात बसून राहिला असता. गेरॉनला नाही म्हणण्याची किंमत दुसऱ्या दिवशीची गाडी. त्याने मन लावलं कारण त्याला काम येत होतं आणि दुसरं काहीच उरलं नव्हतं, त्याला मी नावं ठेवणार नाही.

मालाडचा

थोडं अवांतर पण संबंध आहे. आमच्या मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये हिमांशू राय आणि देविका राणींनी जर्मन माणसं आणली होती. 'अछूत कन्या' दिग्दर्शित करणारा फ्रांझ ओस्टेन 1936 मध्ये नाझी पक्षाचा सदस्य झाला, इथे बसून! त्याच वर्षी अस्पृश्यतेविरुद्धचा सिनेमा. 1939 मध्ये युद्ध सुरू झाल्यावर इंग्रजांनी स्टुडिओतल्या जर्मनांना उचललं. कॅमेरामन विर्शिंग सुटल्यावर इथेच राहिला आणि 'महल', 'पाकीजा' केले. तर ओस्टेनला कुठल्या खान्यात टाकायचं?

खडूस काका

सोयीच्या. तो खाना सगळ्यात मोठा असतो.

बर्लिनकर

एक राहिलं. 1946 मध्ये ग्र्युंडगेन्स सुटून बर्लिनच्या स्टेजवर परत आला तेव्हा नाटक सुरू होईना, लोक टाळ्याच थांबवेनात. 1960 मध्ये त्याच्या 'फाउस्ट'चा सिनेमा आला, तोही गाजला. त्याच 1960 मध्ये डीट्रिश जर्मनीत गायला आली तर बाहेर 'मार्लेन गो होम'चे बोर्ड, ड्युसेलडॉर्फमध्ये एक मुलगी तिच्या तोंडावर थुंकली. बर्लिनने तिला मानद नागरिक केलं 2002 मध्ये, वारल्यावर दहा वर्षांनी. आम्हाला इथे राग राहिलेल्यांचा आला नाही, गेलेल्यांचा आला. यावर वेगळा धागा काढतो, इथे आता स्क्रोल करून बोट दुखतंय.

नवा वाचक

वाचनखूण साठवली. 'ब्लू एंजल' बघितलेला नाही, जर्मन बघू की इंग्रजी? दोन्ही आहेत असं दिसतंय.

रंगपटातला

जर्मनच बघा, सबटायटल लावून. इंग्रजी आवृत्ती त्याच सेटवर तेव्हाच शूट केलेली आहे, पण यानिंग्सचं इंग्रजी ऐकलंत की चौथी घंटाचा मुद्दा पटेल, आणि तो मला पटवून द्यायचा नाहीये.