डोंगरवाटेसाठी ट्रायपॉड: उंची कापा, जाडी कापू नका

चढउतार

पाठीवर वाहून न्यायचा ट्रायपॉड म्हटलं की हल्ली एकच साचा सुचवला जातो. प्रत्येक पायाला पाच सेक्शन (एकात एक सरकणाऱ्या नळ्या), पाय उलटे दुमडून सेंटर कॉलमला (मधल्या वरखाली होणाऱ्या दांड्याला) बिलगणारे, घडी ४० सेंमीच्या आसपास, हेडसकट (कॅमेरा धरणाऱ्या वरच्या भागासकट) सव्वा किलो. माझा याला विरोध आहे. ग्रॅम वाचवायचे तर उंचीत वाचवा, नळीच्या जाडीत नको.

पातळ भिंतीच्या पोकळ नळीचा ताठपणा, भिंत तेवढीच धरली तर, व्यासाच्या घनाप्रमाणे बदलतो. प्रवासी पाच-सेक्शनच्या नळ्या साधारण २५, २२, १९, १६ आणि १३ मिमी अशा उतरत जातात. मध्यम चार-सेक्शनच्या २८, २५, २२, १९. जमिनीला टेकणाऱ्या नळ्यांची तुलना करा. १३ भागिले १९, त्याचा घन, उत्तर ०.३२. म्हणजे शेवटच्या नळीचा ताठपणा तिसऱ्या हिश्श्यावर आला. वर प्रत्येक पायाला नळी जागेवर धरणारा एक लॉक जास्त, म्हणजे सैल पडू शकणारी एक जागा जास्त.

म्हणून माझी यादी छोटी आहे: चार सेक्शन, वरची नळी २८ मिमी, सेंटर कॉलम नाहीच, पूर्ण उंची १२५ ते १३० सेंमी. हेडचा गोळा (ज्यावर कॅमेरा हवा तसा कलतो) ४० मिमीच्या आसपास. कॅमेऱ्याचा स्क्रीन वर वळतो, तेव्हा ट्रायपॉड डोळ्यापर्यंत यायलाच हवा हा हट्ट सोडा.

कार्बन की ॲल्युमिनियम हा वाद इथे नको. कार्बन साधारण पाव वजन वाचवतो आणि थंडीत हाताला चावत नाही, बस.

हलकाफुलका

असहमत. घनाचं गणित बरोबर, तुलना चुकीची. तुम्ही दोन्ही ट्रायपॉड पूर्ण उघडून मोजताय. समान उंचीवर मोजा.

पाच-सेक्शनचा शेवटचा सेक्शन बंद ठेवला की पाय २५-२२-१९-१६ असे राहतात आणि उंची साधारण १०५ सेंमी मिळते. १६ भागिले १९ चा घन येतो ०.६ च्या आसपास. फरक आहे, पण तो तिप्पट नाही. आणि रुंद लेन्स, म्हणजे १६ ते ३५ मिमीवर, एवढा फरक फोटोत दिसतही नाही. १३ मिमीची नळी ही राखीव उंची आहे. लागली तर वापरायची, रोज नाही.

आता घडीचं बघा. ४० सेंमीची घडी सॅकच्या बाजूच्या खिशात बसते. ५० सेंमीच्या पुढची घडी, वर हेड उभं, असं गाठोडं डोक्याच्या वर जातं आणि प्रत्येक फांदीत अडकतं. मग लोक तो सॅकच्या मागे, पाठीपासून लांब बांधतात. तिथे दोन किलो वजन चढावर मागे खेचतं. ताठपणाचा हिशोब मांडताना हाही मांडा.

तिरपा_उतार

धागाकर्त्याच्या बाजूने बोलायला आलो होतो, पण "उंची कापा" इथेच घोडं पेंड खातं.

सपाट जमिनीवरचे आकडे डोंगरात चालत नाहीत. पायाची लांबी १४० सेंमी आणि पाय उभ्या रेषेपासून २३ अंश बाहेर धरा. उंची येते १२९ सेंमी आणि पावलं मध्यापासून ५५ सेंमी लांब टेकतात. उतार २० अंशांचा असेल तर खालच्या बाजूचं पाऊल मध्यातल्या जमिनीपेक्षा २० सेंमी खाली. तो पाय आधीच पूर्ण उघडलेला आहे, त्यामुळे वरचे दोन आखडून कॅमेरा खाली आणावा लागतो. तुमचे १३० सेंमी झाले ११०. समोर कमरेएवढं झुडूप असेल तर फोटोत झुडूपच.

उंचीचा उपयोग डोळ्यासाठी नाही, खालच्या पायासाठी आहे. जाडी ठेवाच, पण उंचीला हात लावू नका. वजन वाढेल ते वाढेल.

चढउतार

@हलकाफुलका, समान उंचीचा मुद्दा मान्य. पण वापरणारा तसं वागतो का? १०५ वर समाधान झालं नाही की तो शेवटचा सेक्शन उघडतो, मग कॉलमही वर घेतो. वर घेतलेला कॉलम म्हणजे तीन पायांच्या डोक्यावर ठेवलेली एकच काठी. तीन पायांनी कमावलेलं सगळं ती घालवते. कॉलम नसलेला ट्रायपॉड घेतला की हा मोह मुळातच संपतो.

@तिरपा_उतार, गणित तपासलं, बरोबर आहे. तरी ११० वर मी खूश आहे. झुडपाच्या मागे उभं राहण्यापेक्षा दोन पावलं सरकता येतं.

तिरपा_उतार

दोन पावलं पुढे कडा असेल तर?

मंदशटर

दोन्ही गट एक गोष्ट विसरताय. आजच्या कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन हातातच अर्ध्या सेकंदापर्यंत रुंद लेन्सचा फोटो वाचवतं. मग ट्रायपॉड उरतो कशासाठी? प्रकाश कमी करणारा फिल्टर लावून वाहत्या पाण्याचे ३० सेकंदांचे फोटो, तारे, फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो एकत्र जोडणं) आणि टेली, म्हणजे दूरचं जवळ आणणारा लेन्स.

आणि यांना सारखा ताठपणा लागत नाही. बटण दाबल्याचा धक्का एक सेकंदात शमला तर ३० सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये त्याचा वाटा नगण्य. तोच धक्का १/१५ ते १ सेकंदाच्या टप्प्यात पूर्ण एक्स्पोजर खातो. बारीक ट्रायपॉडवर पहिले उपाय फुकटचे आहेत: २ सेकंदांऐवजी ५ सेकंदांचा टायमर, इलेक्ट्रॉनिक पहिला पडदा (शटर उघडतानाचा धक्का टाळणारी कॅमेऱ्यातली सोय), कॅमेऱ्याचा गळपट्टा काढून ठेवणे. गळपट्टा वाऱ्यात शिडासारखा फडफडतो, आणि दोष जातो ट्रायपॉडला. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

वाऱ्यात ७० ते २०० मिमीचा लेन्स लावणार असाल तर मात्र चढउतार बरोबर. तिथे १६ मिमीची नळीही पुरत नाही.

हलकाफुलका

वाऱ्यासाठी खालच्या हुकाला सॅक लटकवा. प्रश्न मिटला.

मंदशटर

मिटत नाही, वाढतो. मोकळी लटकणारी सॅक म्हणजे लंबक. वारा तिला झुलवतो आणि ती ट्रायपॉडला. सॅक जमिनीला अर्धवट टेकू द्या, किंवा हुकातून दोरीचा फास खाली आणून त्यात पाऊल ठेवा आणि दोरी ताणून धरा. त्यातही एक गोष्ट लक्षात घ्या. लटकवलेल्या वजनाने ट्रायपॉड कलंडत नाही आणि पावलं घसरत नाहीत, पण बारीक नळी जाड होत नाही. ती तशीच लवते.

गोळाबेरीज

पायांवर एवढी चर्चा आणि हेडवर एक ओळ! अर्ध्या तक्रारी हेडच्या असतात.

"१५ किलो पेलतो" हा आकडा बाजूला ठेवा. तो मोजायची सगळ्या उत्पादकांना बांधणारी एकच पद्धत नाही. गोळ्याला वजन जड जात नाही, पीळ जड जातो. दीड किलोचा कॅमेरा आणि लेन्स हेडच्या खाचेत ९० अंश आडवा टाकला, आणि त्याचा गुरुत्वमध्य गोळ्यापासून ८ सेंमी बाहेर गेला, तर पीळ सुमारे १.२ न्यूटन-मीटर. ३० मिमीच्या गोळ्यावर हे झालं की लॉक केल्यावरही चौकट हळूच खाली सरकते. फोकस चुकला असं वाटतं, चुकलेली असते ती पकड.

यावर मोठ्या गोळ्याआधी एल ब्रॅकेट घ्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला आणि बाजूला बसणारी एल आकाराची प्लेट. १०० ग्रॅमच्या आसपासचा तुकडा. उभ्या चौकटीसाठी कॅमेरा काढायचा, वळवायचा, पुन्हा बसवायचा. वजन गोळ्याच्या डोक्यावरच राहतं, पीळ जवळजवळ शून्य. ३६ मिमीचा गोळा आणि एल ब्रॅकेट हे ४४ मिमीच्या नुसत्या गोळ्यापेक्षा हलकं पडतं आणि उभ्या चौकटीत जास्त स्थिर.

फ्रिक्शनची खुंटी वेगळी असलेलंच हेड घ्या. सगळ्यात जड लेन्स लावून ती इतकी आवळा की मुख्य खुंटी सोडल्यावर कॅमेरा धाडकन पडणार नाही, हाताने ढकलला तरच हलेल. अंधारात, गारठलेल्या बोटांनी ही एक खुंटी कॅमेरा वाचवते.

चढउतार

एल ब्रॅकेटशी सहमत. पण त्यामुळे बॅटरीचं दार किंवा बाजूची केबल अडते का हे आधी बघा. सगळ्या कॅमेऱ्यांना चालेल असा ब्रॅकेट बहुतेक वेळा कुठल्याच कॅमेऱ्याला नीट बसत नाही. खालून एकच स्क्रू असेल तर तो वळतोही. कॅमेऱ्याच्या मापाचा, कडेला ओठ असलेला घ्या.

गोळाबेरीज

बरोबर. हेडवरच्या क्लॅम्पबद्दलही तेच, म्हणजे कॅमेऱ्याखालची प्लेट पकडणाऱ्या चिमट्याबद्दल. आर्का-स्विस या प्रचलित पद्धतीच्या प्लेटची रुंदी साधारण ३८ मिमी, पण वेगवेगळ्या उत्पादकांच्या प्लेट अर्ध्या-पाऊण मिमीने मागेपुढे असतात. लिव्हरचा क्लॅम्प एकाच रुंदीवर बसवलेला असतो. प्लेट बारीक निघाली तर लिव्हर बंद होऊनही प्लेट खुळखुळते, रुंद निघाली तर लिव्हर मिटतच नाही. स्क्रूचा क्लॅम्प हळू, पण कुठलीही प्लेट पकडतो. प्लेट वेगवेगळ्या उत्पादकांच्या असतील तर स्क्रूच.

हलकाफुलका

हातमोजे घालून तो स्क्रू फिरवून बघा एकदा. किती फिरवला ते कळत नाही, घट्ट झाला की अडकला तेही कळत नाही. लिव्हर मिटलेला डोळ्याला दिसतो. सगळ्या प्लेट एकाच उत्पादकाच्या घ्या, वाद संपला.

पाणवठा

लॉकबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

फ्लिप लॉक (खटक्याचा) दुरून पाहूनही उघडा की बंद ते कळतं, पण सॅकच्या पट्ट्यांत अडकतो आणि त्याचा ताण स्क्रूवर असतो. तो स्क्रू सैल पडत जातो, म्हणून त्याला लागणारी किल्ली सोबत हवीच. ट्विस्ट लॉक (कॉलर पिळून आवळायचा) आटोपशीर, पण वाळूचा कण आट्यांत गेला की करकर सुरू. आवाज आला की जोर लावू नका. कॉलर पूर्ण सोडा, नळी ओढून काढा, तिच्यावरच्या दोन अर्धगोल प्लॅस्टिक पट्ट्या काढा (कोणती पट्टी कुठल्या बाजूची ते पाहून ठेवा, उलट बसवली तर नळी आत जाणार नाही), सगळं साध्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा आणि फक्त आट्यांवर ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. नळीवर किंवा पट्ट्यांवर ग्रीस लागलं तर लॉक पकडणारच नाही. हेडच्या गोळ्याचंही तसंच. बहुतेक गोळे कोरड्या घर्षणावर धरतात, तिथे तेल म्हणजे घसरगुंडी. कोरड्या फडक्याने पुसा.

ओढ्यात उभं करताना नेहमीचा क्रम उलटा करा. एरवी जाड नळी आधी उघडतो, पाण्यात सगळ्यात बारीक नळी आधी पूर्ण उघडायची, म्हणजे खालचा लॉक पाण्याच्या वर राहतो. यावर चढउतार म्हणतील बारीक नळी लवते. लवते, पण गाळ भरलेल्या लॉकपेक्षा ती परवडली.

आणि खोल बर्फात पाय पूर्ण फाकवून वरून दाबू नका. पावलं बाहेर सरकायला बघतात, बर्फ त्यांना धरून ठेवतो, आणि सगळा ताण वरच्या सांध्यावर येतो. सांधा नाहीतर नळी तडकते. पाय अर्धे मिटून रोवायला सुरुवात करा आणि खाली जाताना उघडू द्या.

चढउतार

ओढ्याचा मुद्दा मान्य. तरी १९ मिमीची नळी पाण्यात असलेली बरी, १३ ची प्रवाहात थरथरते.

खरेदीआधी वाद मिटवायचा तर चाचणी सोपी आहे. तुमचा सगळ्यात लांब लेन्स लावा, पाय वापरणार तेवढेच उघडा, स्क्रीनवर १० पट मोठं करून दूरच्या बारीक रेषेवर फोकस करा आणि लेन्सच्या टोकाला बोटाने टिचकी मारा. चित्र थांबायला किती वेळ लागतो ते मोजा. मग कॉलम वर घेऊन तेच करा. नंतर लॉक आवळताना चौकट किती सरकते तेही बघा.

हलकाफुलका

चाचणी चांगली. फक्त ती शेवटचा सेक्शन बंद ठेवूनही करा, आणि त्यानंतर दोन्ही ट्रायपॉड सॅकला बांधून जिना चढा.

नवखा_पाय

एक शंका. कॅमेरा डावीकडे फिरवला की माझं हेड ट्रायपॉडवरून सैल होतं. हेड खराब आहे का?

गोळाबेरीज

नाही. हेड ३/८ इंची स्क्रूवर बसतं आणि डावीकडे फिरवणं म्हणजे तोच स्क्रू सोडवणं. पॅनची, म्हणजे हेड आडवं फिरू देणारी खुंटी आधी पूर्ण सोडा, मग फिरवा. ट्रायपॉडच्या वरच्या तबकडीला खालून बघा. बऱ्याच ट्रायपॉडना तिथे एक ते तीन बारीक बिनडोक्याचे स्क्रू असतात. हेड हाताने घट्ट बसवा आणि मग ते स्क्रू ॲलन कीने वर टेकवा. टेकले की पाव फेरा पुरे, जास्त आवळले तर हेडच्या तळाला खड्डे पडतात. हेड काढताना ते आधी सैल करायला विसरू नका.