मदत हवी आहे: अमेरिकेला टेस्ट खेळण्यापासून कोण अडवतं?

खिडकीतला_मामा: मंडळी, घरात वाद अडकलाय. २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपात अमेरिकेने डॅलसला पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं. ती ओव्हर टाकणारा सौरभ नेत्रवळकर आपला मुंबईचा, रणजी खेळलेला. तेव्हापासून आठवीतला भाचा मागे लागलाय, "अमेरिका टेस्ट कधी खेळणार?" मी ठोकून दिलं, दोन-चार मोठे संघ हरवले की मिळतो दर्जा. त्याने लगेच नेदरलँड्स काढलं: दक्षिण आफ्रिकेला २०२२ मध्ये ॲडलेडला हरवलं, २०२३ मध्ये धरमशालाला हरवलं, मग त्यांना का नाही? मामाची बोलती बंद. पात्रता स्पर्धा वगैरे असते का?

लेगबाय: नसते. दर्जा संघाला मिळतच नाही हो. देशाच्या बोर्डाला आयसीसीचं, म्हणजे जागतिक क्रिकेट संघटनेचं, पूर्ण सदस्यत्व मिळतं, टेस्ट त्याच्यासोबत येते. बोर्ड अर्ज करतं. मैदानावरची कामगिरी बघतात, पण बोर्डाचा कारभार, पैसा, देशात अनेक दिवसांचे सामने होतात का, महिला क्रिकेटची घडी बसलीय का, हेही बघतात. मग सदस्य मतदान करतात. असे देश १२. शेवटचे दोन आयर्लंड आणि अफगाणिस्तान, दोघं एकाच दिवशी, २२ जून २०१७. दोघांनीही इंटरकॉन्टिनेन्टल कपात (टेस्ट न खेळणाऱ्या देशांची स्पर्धा) वर्षानुवर्षं चार दिवसांचे सामने खेळून घाम गाळला होता.
तुमचा अंदाज अगदीच वाया नाही. २०१५-१७ चा तो कप जिंकणाऱ्याने तळाच्या टेस्ट संघाशी भिडायचं, अशी योजना होती. पण कप संपायच्या आधीच, तो पुढे जिंकणाऱ्या अफगाणिस्तानला सदस्यत्वच मिळालं, योजना बासनात.
अमेरिकेचं तर २०२५ मध्ये बोर्डाच्या कारभारापायी आहे ते सहसदस्यत्वच निलंबित झालं.

डावखुरा_नाना: केनिया विसरू नका! २००३ च्या वर्ल्ड कपात सेमीफायनल खेळले. न्यूझीलंड नैरोबीला गेलंच नाही, ते गुण फुकटचे, मान्य. पण श्रीलंकेला खरोखर हरवलं होतं. तरी टेस्ट नाहीच, आणि २०१४ ला वनडेचा दर्जाही गेला. याउलट बांगलादेशला २००० मध्येच दार उघडलं. ढाक्याला आपल्याविरुद्ध पहिल्याच टेस्टमध्ये अमिनुल इस्लामने १४५ काढले, दुसऱ्या डावात सगळे ९१ वर खलास. पहिला विजय थेट २००५ ला. तिथे क्रिकेटवेडे लोक किती, बाजार किती, हेही तोललं गेलं, असं माझं मत. केनियाच्या मागे असं कोण होतं?

लेगबाय: नाना, आपलंच बघा ना. इंपीरियल क्रिकेट कॉन्फरन्समध्ये (आयसीसीचं जुनं नाव) भारताला प्रवेश १९२६ ला, बोर्ड स्थापन झालं १९२८ ला, पहिली टेस्ट १९३२ ला लॉर्ड्सवर. आज अमेरिकेला बोर्ड सुधारा म्हणतात, आपल्याकडे तेव्हा बोर्डच नव्हतं. 😀

खिडकीतला_मामा: आभार! भाच्याला सगळं वाचून दाखवलं. त्याने महिला क्रिकेटवर बोट ठेवून विचारलं, "मग अफगाणिस्तानची महिला टीम कुठंय?"

लेगबाय: तालिबान आल्यावर त्यातल्या बहुतेक मुली ऑस्ट्रेलियाला गेल्या. ऑस्ट्रेलियाने अफगाण पुरुषांसोबतची २०२१ ची होबार्टची टेस्टही खेळली नाही. सदस्यत्व मात्र तसंच आहे. भाच्याला सांगा, प्रश्न बरोबर आहे.