शब्दचर्चा : ‘लॉकअप’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ) :
घरी ऑटोमॅटिक गाडी घेतली असून तिच्या माहितीपुस्तिकेत टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या भागाच्या) ‘लॉकअप’चा उल्लेख आहे. बाबांना तो वाचून दाखवला, तेव्हा चालत्या गाडीत चाक अडकते की काय, असे त्यांनी काळजीने विचारले. कारण आमच्याकडे लॉकअप म्हणजे पोलीस ठाण्यातील कोठडी आणि ‘इंजिन लॉक झालं’ म्हणजे ते जाम झाले, एवढेच अर्थ रूढ आहेत. ‘कुलूपबंदी’ हा शब्द मला पटत नाही. कृपया सुचवावे.

उत्तर (परतवाडा) :
बाबांची शंका रास्त आहे. कुलपाने वस्तू अडते. येथे काहीच अडत नाही, उलट दोन फिरती चक्रे एक होऊन फिरू लागतात. कन्व्हर्टरमध्ये इंजिनाकडचे पात्यांचे चक्र तेल फेकते आणि त्या माऱ्याने गिअरबॉक्सकडचे चक्र फिरते, म्हणून ते पहिल्याच्या थोडे मागेच राहते. पावसाळ्यात पिठाच्या गिरणीचा पट्टा ओलसर झाला, की मोटर जोरात फिरते पण जाते मागे पडते आणि गिरणीवाला ‘पट्टा स्लिप मारतो’ म्हणतो. ही तशीच घसर आहे. गाडी जागेवरून उचलताना ती उपयोगी पडते, कारण तेव्हा मधले स्थिर चक्र परतणाऱ्या तेलाला वळण देते आणि इंजिनाचा पीळ (फिरवण्याचा जोर, म्हणजेच टॉर्क) सुमारे दुप्पट होऊन पुढे जातो. वेग धरल्यावर ही वाढ संपते, घसर तेवढी उरते, आणि तिच्यात खर्ची पडणारे इंधन केवळ तेल तापवते. ते वाचवण्यासाठी आतील क्लच दोन्ही चक्रांना एकत्र धरतो. १९४९ मध्ये पॅकार्ड या अमेरिकी मोटार कंपनीच्या अल्ट्रामॅटिक गिअरबॉक्समध्ये असा क्लच होता. १९७० च्या दशकातील तेलसंकटानंतर तो सर्वत्र पसरला.

म्हणून मी ‘थेट जोड’ हा शब्द सुचवतो, कारण त्याची क्रियापदे आपोआप जुळतात : जोड बसते, जोड सुटते. देवळी-कळंबच्या सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगात असताना गिअर न बदलताही इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा थोडा खाली येतो, तेव्हा ‘थेट जोड बसली’ म्हणावे. पुढच्या ट्रकला ओलांडण्यासाठी पाय दाबला, की काटा वर उसळतो. तेव्हा ‘जोड सुटली’. चिखलदऱ्याच्या घाटात ती वारंवार सुटते आणि त्यामुळे तेथे इंधनही जास्त लागते. सकाळी तेल थंड असताना तर ती बसतच नाही, हे शेतापर्यंतच्या छोट्या फेऱ्या करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

पुन्हा विचारणा :
‘जुंपण’ का नको? शब्द आपल्या मातीतला आहे.

उत्तर :
तो मलाही जवळचा वाटतो आणि मी त्यावर बराच विचार केला. परंतु बैल जुंपतात ते काम सुरू होण्याआधी, आणि ‘बैल सोडले’ म्हणजे दिवसाचे काम संपले. येथे जोड बसते ती गाडी वेगात आल्यावर, आणि सुटते ती नेमकी इंजिनाला अधिक जोर लावायचा असतो तेव्हा. ‘जुंपण सुटली’ हे वाक्य शेतकऱ्याच्या कानाला अगदी उलटा अर्थ देईल.