शब्दचर्चा: बेताच्या अकेडियन घराचे 'वारसामूल्य'

प्रश्न
कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या एका अकेडियन (तिथल्या जुन्या फ्रेंच भाषक समाजातल्या) कामगाराचे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे लाकडी घर आहे. वारसास्थळ म्हणून झालेली त्याची नोंद मराठीत आणायची आहे. 'मॉडेस्ट', 'वर्किंग क्लास' आणि 'हेरिटेज व्हॅल्यू' यांना कोणते शब्द चालतील? 'घराचे वारसा मूल्य' असे लिहिले तर वारसांना मिळणाऱ्या मालमत्तेची किंमत असा अर्थ लागेल का?

प्रतिसाद १
लागेल. 'वारसा' शब्दाला सातबारा, वारसनोंद, वारसाहक्क यांचा वास आहे आणि शेजारी 'मूल्य' आले की मूल्यांकनच आठवते. दोन उपाय आहेत. संज्ञा म्हणून 'वारसामूल्य' हा समास जोडून लिहा (वारसामूल्याचा, वारसामूल्यामुळे). ओघाच्या वाक्यात मात्र 'वारसा म्हणून या घराचे महत्त्व' असे मोकळे करा. कॅनडाच्या ऐतिहासिक स्थळांच्या जतनविषयक मानकांत (२००३, दुसरी आवृत्ती २०१०) ही संज्ञा बाजारभावाबद्दल नाहीच. सौंदर्य, इतिहास, विज्ञान, संस्कृती, समाज किंवा अध्यात्म या दृष्टींनी मागच्या, आजच्या आणि पुढच्या पिढ्यांना असलेले महत्त्व, असा तिचा अर्थ आहे. म्हणून 'महत्त्व' हाच शब्द मूळ आशयाला जवळचा.

'पुरातन वास्तू' टाळा. तो शब्द रुळला आहे खरा, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या लाकडी घराला 'पुरातन' फार जड होतो. 'जुने' पुरते.

प्रतिसाद २
'मॉडेस्ट'साठी 'नम्र' अजिबात नको, यंत्राने केलेल्या भाषांतरात तो हमखास येतो. 'साधे' चालेल, पण त्यात ऐपत येत नाही. 'बेताचे घर' किंवा 'बेताच्या ऐपतीचे घर' यात आकार आणि परिस्थिती दोन्ही येतात. 'कामगारवर्गीय' व्याकरणाने बरोबर, तरी कोरडा. 'कष्टकरी कुटुंबाचे घर' बरे. 'चाळ' मात्र नको, कारण हे एकाच कुटुंबाचे स्वतंत्र घर आहे.

प्रतिसाद ३
'अकेडियन' कोण हे एका वाक्यात सांगाच, नाहीतर वाचक 'अकादमी'कडे जातो. आजच्या नोव्हा स्कोशिया (न्यू ब्रन्सविकच्या शेजारचा प्रांत) भागात वसलेले फ्रेंच भाषक शेतकरी. १७५५ पासून ब्रिटिशांनी त्यांना हुसकावून लावले आणि १७६४ नंतर त्यांना परतायची मुभा मिळाली. तोवर त्यांच्या सुपीक जमिनी इतरांकडे गेल्या होत्या. परतलेल्यांपैकी अनेकांनी किनाऱ्यालगतच्या हलक्या जमिनी आणि मासेमारी धरली, आणि पुढे मंक्टनसारख्या रेल्वेच्या गावांत मजुरी. हे माहीत असेल तर घर लहान का, हे वेगळे समजावावे लागत नाही.

आता घराचे शब्द. छप्पर 'दुपाखी' (दोन उतरत्या बाजू म्हणजे पाखी, वर आढे). 'दीड मजली' लिहू नका, आणि 'एकमजली' तर मुळीच नको: काहीजण त्याचा अर्थ नुसता तळमजला असा घेतात, काहीजण तळमजल्यावर आणखी एक मजला. 'तळमजला आणि छपराखाली राहता माळा' असे सरळ लिहा. 'शिंगल' म्हणजे कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या पातळ लाकडी पट्ट्या. त्याला 'लाकडी कौले' म्हटले तर भिंतीवरच्या शिंगलना तो शब्द लागत नाही, म्हणून 'शिंगल'च ठेवा आणि एकदा खुलासा करा. याहून जुन्या, अठराव्या शतकातल्या काही अकेडियन घरांत चौकोनी तासलेले ओंडके आडवे एकावर एक रचत. 'लाकडी भिंत' म्हटल्यास ही रचना हरवते. 'एकावर एक रचलेल्या तासलेल्या ओंडक्यांची भिंत' लिहा. प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या रस्टिको इथले दूसे घर याच पद्धतीचे आहे.

प्रतिसाद ४
वरच्या शब्दांना एक जोड. अशा नोंदीचे तीन भाग असतात: स्थळाचे वर्णन, वारसामूल्य आणि स्थळाची ओळख ठरवणारे घटक. तिसऱ्यासाठी 'वैशिष्ट्ये' हा शब्द अपुरा आहे. 'ओळख ठरवणारे घटक' म्हणा, कारण दुरुस्तीत काय हलवायचे नाही हे तिथे ठरते. वारसामूल्याच्या भागात 'कष्टकरी कुटुंबाच्या राहणीचे उदाहरण' लिहिले असेल, तर घटकांत जमिनीवर व्यापलेली लहान जागा, ठेंगणी उंची, दुपाखी छप्पर, खिडक्यांची मूळ मापे आणि जागा, शिंगल किंवा फळ्यांचे आवरण हे आलेच पाहिजे. ते सुटले की मालक सद्भावनेने मागे मोठी खोली वाढवतो, माळ्याला उंच खिडकी काढतो, भिंतीला प्लास्टिकचे आवरण चढवतो. आवरणामागे ओल अडकून लाकूड कुजू शकते, आणि ज्या लहान, साध्या रूपासाठी घर नोंदले तेच जाते. 'दुरुस्ती' आणि 'नवे बसवणे' यांत फरक ठेवा: मानके आधी दुरुस्ती सांगतात. भिंतीखालची आडवी तुळई कुजली असेल तर कुजलेला भाग तेवढाच कापून तशाच लाकडाचा तुकडा जोडणे ही दुरुस्ती. अख्खी तुळई काढून नवी घालणे म्हणजे बदल.

प्रतिसाद ५ (प्रतिसाद १ लिहिणाऱ्याचा)
मग मसुदा असा: 'हे बेताच्या ऐपतीच्या अकेडियन कष्टकरी कुटुंबाचे घर असून त्याचे वारसामूल्य त्याच्या लहान आकारात, साध्या बांधणीत आणि कमीत कमी बदललेल्या स्वरूपात आहे.' 'असूनही' नको, 'असून' हवे. 'असूनही' लिहिले की बेताचे असणे हा दोष ठरतो.