‘बेकाराझु’ म्हणजे नुसतं ‘करू नये’ का?

प्रश्न : जपानीच्या एन-१ (सर्वांत वरच्या पातळीच्या) परीक्षेची तयारी करतोय. पुस्तकात ‘बेकाराझु’चा अर्थ ‘करू नये’ दिलाय. मग आजच्या जपानीतल्या ‘ते वा नारानाइ’पेक्षा (‘करता कामा नये’) वेगळं काय? बोलताना वापरतात का?

उत्तर : बोलताना नाही, थट्टेत सोडून. ‘बेशी’ हे जुन्या जपानीतलं साहाय्यक क्रियापद, अर्थ ‘योग्य आहे, करावं’. त्याचं नकारार्थी रूप बेकाराझु. आज ते पाट्यांवर आणि म्हणींत उरलंय. ‘शिबाफु नि हाइरु बेकाराझु’, हिरवळीवर जाऊ नये. ‘हाताराकाझारु मोनो कुउ बेकाराझु’, काम न करणाऱ्याने खाऊ नये.

फरक बघायचा तर दोन राज्यघटना शेजारी ठेवा. १८८९च्या मेइजी घटनेत तिसरं कलम : सम्राट पवित्र, ‘ओकासु बेकाराझु’. १९४७ला अमलात आलेल्या घटनेचं १९वं कलम : विचार आणि सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य ‘ओकाशिते वा नारानाइ’. क्रियापद एकच, ओकासु, म्हणजे भंग करणं. पण पहिली भाषा अभिजात, दुसरी आधुनिक. छळाबद्दलच्या ३६व्या कलमात तर सरळ ‘झेत्ताइ नि कोरे ओ किन्झुरु’, पूर्णपणे मनाई. निबंधात तुम्ही ‘ते वा नारानाइ’च लिहा, बेकाराझु तिथे नाटकी वाटेल.

प्रश्न : आणि नामाआधी?

उत्तर : तिथे ‘बेकाराझारु’ होतं. ‘युरुसु बेकाराझारु कोइ’, अक्षम्य कृत्य. पण ‘काकु बेकाराझारु’ला फसू नका! तिथे मनाई नाही, अशक्यता आहे : ज्यावाचून चालणारच नाही असं. परीक्षेत नेमकं हेच विचारतात.

आणखी एक : नो नाट्याचा आचार्य झेआमी याच्या ‘काक्यो’ ग्रंथातलं (१४२४) ‘शोशिन वासुरु बेकाराझु’, सुरुवातीचा भाव विसरू नये, सगळ्यांना पाठ असतं. तिथे विसरण्याचं आजचं रूप ‘वासुरेरु’ नाही, जुनं रूप ‘वासुरु’ आहे. ‘सुरु’ला (करणं) मात्र ‘सुरु बेकाराझु’ आणि ‘सु बेकाराझु’ दोन्ही चालतात.

दुसरे वाचक : सोबत ‘माजिकी’ही घ्या. ‘क्योशि नि आरुमाजिकी कोइ’, शिक्षकाला न शोभणारं वर्तन. ही मनाई नव्हे, झालेल्या गोष्टीवरचा ताशेरा आहे.

आणि अर्थ ‘करू नये’ द्यायला माझी थोडी हरकत आहे. आपलं ‘नये’ आजीच्या तोंडीही असतं. बेकाराझुच्या जवळचा सूर जुन्या सनदांतला : ‘प्रतिवर्षी नूतन पत्राचा आक्षेप न करणे’, म्हणजे दरवर्षी नवं पत्र मागू नये.