कार्यालयीन कामातील साधना
कॅथलिक शाळेच्या कार्यालयात शुल्काच्या पावत्या फाडताना आध्यात्मिक वाढ कशी साधावी, ही आपली शंका मला फार महत्त्वाची वाटते. १५४० मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या येशूसंघाचे (जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे) संस्थापक संत इग्नाशियस लोयोला यांनी दैनंदिन आत्मपरीक्षणाची जी रीत घालून दिली, ती अशाच कामात उपयोगी पडते: प्रथम दिवसाबद्दल देवाचे आभार मानायचे, मग घडलेले प्रसंग क्रमाने आठवायचे, आणि शुल्क थकलेल्या पालकाशी आपण कोणत्या स्वरात बोललो हे प्रामाणिकपणे तपासून, क्षमा मागून उद्याचा निश्चय करायचा. मी कॅथलिक नाही (आमच्या घरी हरिपाठ म्हटला जातो), तरीही शाळा सुटल्यावर चॅपेलमध्ये बसून मी हे मनापासून करते. सकाळच्या सामुदायिक प्रार्थनेतही आपण अवश्य सहभागी व्हावे, परंतु सुरुवात मात्र या आत्मपरीक्षणापासून करावी, असे मी आग्रहाने सुचवेन.