जुळे सोलापुरातलं नवं नाश्त्याचं हॉटेल : गेला असाल तर अनुभव लिहा

जुळे सोलापुरात नाश्त्याचं नवं हॉटेल सुरू झालंय. फळ्यावर ज्वारीचा डोसा, सुशीला (भिजवून फोडणीला टाकलेले चुरमुरे), पेसरट्टू (मुगाचा डोसा) असं वाचलं आणि मनापासून आनंद झाला. इडली-वडा आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. पण मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळूनही सकाळी हॉटेलात ज्वारी फारशी दिसत नाही. मी डोसाच मागवला. काठ कुरकुरीत, मध्ये मऊ, भाकरीसारखा खरपूस वास. गार झाला की मात्र चिवट होतो, तेव्हा गप्पा नंतर मारा. तुम्ही काय खाल्लंत, कसं होतं? नुसतं ‘मस्त’ लिहू नका, नीट सांगा.

अशोक चौकातून
आमच्या घरात तेलुगू बोलतात, त्यामुळे पेसरट्टूसाठी शहराच्या या टोकाहून त्या टोकाला गेलो. आलं-मिरची सढळ हाताने घातलेली, पण मूग पुरते भिजले नव्हते, कच्चट लागले. आत उपीट भरून देता का विचारलं, तर नाही म्हणाले. द्यायला हवं, खरी जोडी तीच. इडली चांगली होती, आणि तिच्याबरोबरची पातळ शेंगदाण्याची चटणी त्याहून चांगली. लाल मिरची, किंचित चिंच, वर कढीपत्त्याची फोडणी. आई वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन परतताना सायकलवाल्याकडून इडली आणायची, तिच्यावर अशीच चटणी असायची. मी दोनदा मागून घेतली, वाढणाऱ्या पोराने कुरकुर केली नाही.

रात्रपाळी संपवून गेलेली नर्स
पाटीवर सातची वेळ आहे, पण तवा साडेसातला तापतो. तोवर सुशीला घेतली. चुरमुरे जास्त भिजले तर लगदा होतो, कमी भिजले तर घशात अडकतात. इथला दाणा न् दाणा सुटा होता. वरून डाळ्याचं कूट, लिंबू, कच्चा कांदा. रात्रभर उभं राहून आल्यावर पोटाला हलकं काहीतरी हवं असतं, ते मिळालं. चहा फार गोड आहे, कमी साखरेचा आधीच सांगा.

नवी पेठेतून
शेंगा चटणीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. डोशाबरोबर देतात ती मिक्सरमधली आहे. कोरडी, भुकटीसारखी. सोलापुरात बसून हे चालणार नाही! शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरे, मीठ उखळात कुटलं की दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी चिकटसर होते. मग त्यावर दही घाला, नाहीतर तेल. मिक्सरच्या पात्याने दाणा नुसता चिरतो, म्हणून ती चव येत नाही. काउंटरवर हे शांतपणे सांगितलं. मालकांनी ऐकून घेतलं, कुटून देणारी बाई शोधतोय म्हणाले. बाकी डोसा उत्तम, त्याला तशीच चटणी मिळायला हवी.

विजापूर रोडवरून
दोन लहान मुलं घेऊन गेले. मुलांना लोणी डोसा आवडला. बसायला बाक आहेत, पण लहान मुलांची खुर्ची नाही. हात धुवायची जागा स्वच्छ. बस.

घरी पीठ करून विकणाऱ्या बाई
डोसा आंबट लागला असं शेजारणी सांगत होत्या, म्हणून मुद्दाम उशिरा, सकाळी अकराला गेले. लागलाच. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो. थंडीत रात्रभर लागते तेवढं आंबणं उन्हाळ्यात चार-पाच तासांत होतं. रात्री दहाला वाटून बाहेर ठेवलेलं पीठ सकाळी उशिरापर्यंत टिकणार कसं? थंड पाण्यात वाटा, मीठ सकाळी घाला, फुगलं की लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि लागेल तेवढंच बाहेर काढा. ज्वारीच्या पिठात उडीद थोडा वाढवला तर डोसा तव्यावरून तुटणारही नाही. पोरं नवीन आहेत, हौसेने करताहेत, शिकतील. तुम्ही मात्र नऊच्या आत जा, तेव्हाचा डोसा गोड लागतो.

होटगी रोडवरून
मला मधुमेह आहे. ज्वारीचा डोसा म्हणून दोन खाल्ले, तर दोन तासांनी साखर वाढलेलीच निघाली. त्यात तांदूळही असतो, आचाऱ्यानेच सांगितलं. आता एकच घेतो, सोबत वाटीभर सांबार. रविवारी रांग रस्त्यापर्यंत येते, मंगळवार-बुधवारी निवांत बसायला मिळतं.